पिशवी कोणाच्या हातात?

गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांत एका नव्या तऱ्हेच्या किराणा दुकानाची चर्चा होऊ लागली आहे. या दुकानात पुडा नाही, पाकीट नाही, पिशवी नाही. तांदूळ, डाळ, साखर, मसाले, साबण, सगळे मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत किंवा स्टीलच्या पिंपांत मांडलेले असते. गिऱ्हाइकाने घरून डबा, बाटली, कापडी पिशवी आणायची. आधी रिकाम्या भांड्याचे वजन करायचे, मग भरलेल्याचे, आणि पैसे फक्त जिन्नसाचे द्यायचे. जर्मनीत बर्लिन शहरात २०१४ साली ‘ओरिजिनल उनफरपाक्ट’ या नावाचे असे दुकान निघाले आणि त्याचा जगभर बोलबाला झाला. आपल्या शेजारी गोव्यात पर्रा येथे ‘इकोपसरो’ निघाले. कोकणीत ‘पसरो’ म्हणजे आपले साधे वाणसामानाचे दुकान. या पद्धतीला इंग्रजीत ‘झीरो वेस्ट’ म्हणतात. म्हणजे घरात माल यावा, पण त्याच्या मागून कचरा येऊ नये.

नाट्यासारख्या गावात ही गोष्ट सांगितली की वयस्कर मंडळी हसतात. “यात नवे ते काय? आमच्या वाण्याचे दुकान असेच तर होते,” असे म्हणतात. हे हसणे खोटे नाही. पण आमच्या मते ते अर्धवट आहे. या हसण्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडला आहे, आणि त्याचा विचार आपण, विशेषतः आपल्या समाजाने, अजून नीट केलेला नाही. तो प्रश्न असा: आपल्या वाडवडिलांनी कचरा केला नाही, हा त्यांचा सद्गुण होता की त्यांची मजबुरी? आणि मजबुरी असेल, तर तिचा अभिमान आपण कोणत्या तोंडाने बाळगावा?

जुने दुकान ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते सांगायला नको. पण आज आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांनी ते पाहिलेले नाही, म्हणून थोडे सांगतो. गोणीचे तोंड दुमडून ठेवलेले तांदूळ, गुळाची ढेप, दाराबाहेर मिठाचा ढीग, तेलाच्या डब्यात सोडलेले लांब दांड्याचे माप, छताला टांगलेले दोऱ्याचे रीळ. रद्दीच्या कागदाची पुडी बांधून वाणी त्यावर दोऱ्याचे दोन वेढे द्यायचा आणि हिसका मारून दोरा तोडायचा. तेलाला बाटली, रॉकेलला डबा, पिठाला पिशवी घरूनच न्यायची. डबा जड असेल तर दुसऱ्या पारड्यात दगड किंवा वजन टाकून वाणी आधी त्याचा ‘धडा’ करायचा, म्हणजे डब्याचे वजन गिऱ्हाइकाच्या माथी बसू नये. बर्लिनच्या दुकानात यंत्रावर जे होते, तेच आपल्याकडे एका दगडावर होत होते.

घरी आल्यावर पुडीचा कागदही वाया जात नसे. त्यातही आपल्या घरांत एक वेगळी रीत होती. पुडीच्या कागदावर उर्दू किंवा अरबी हरफ दिसले की तो कागद पायाखाली येऊ नये म्हणून घडी घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला जायचा. त्यावर कदाचित एखाद्या सिनेमाची जाहिरात असे, पण दादी-नानीला त्याच्याशी कर्तव्य नसे. हरफाचा मान होता. आखातातून येणाऱ्या बिस्किटांच्या वेष्टनांवर आज अरबी मजकूर असतो. ती वेष्टने गटारात पडलेली दिसतात, आणि ती उचलायला आता कोणी वाकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या दादी-नानी बाटली घेऊन दुकानात जात, ते समुद्र वाचवण्यासाठी नव्हे. दुसरी सोयच नव्हती. प्लॅस्टिकचा पुडा मिळत असता आणि परवडत असता, तर त्यांनीही तो आनंदाने घेतला असता. अमल नियतीवर अवलंबून असतो, ही हदीस आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मग ज्या कृतीमागे तशी नियतच नव्हती, त्या कृतीला पुण्य म्हणावे का?

आमच्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कृतीने करणाऱ्याचे काय होते ही एक, आणि कृतीने जगाचे काय होते ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा निवाडा नियतीवर होतो, आणि तो अल्लाहकडे आहे. आपण त्यात पडू नये. दुसऱ्या गोष्टीला मात्र नियत लागू होत नाही. खाडीत पडलेली पिशवी ही बेफिकिरीने टाकली होती की वाऱ्याने उडाली होती, हे खाडी विचारत नाही. मासा विचारत नाही. त्यामुळे जुन्या माणसांच्या राहणीने किनारा स्वच्छ राहिला, हे सत्य त्यांची नियत काहीही असली तरी सत्यच राहते. त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत.

पण अभिमान ही निराळी गोष्ट आहे. गरजेपोटी केलेली काटकसर हा सद्गुण होता की नाही, याची परीक्षा गरज असताना होतच नाही. ती गरज संपल्यावर होते. आणि ती परीक्षा वाडवडिलांची नसून आपली आहे. कोकणातल्या मुस्लिम घरांत आखाताचा पैसा आला, बोटींना इंजिने आली, काहींना आमच्यासारख्या पगारी नोकऱ्या मिळाल्या. गरज सैल झाली आणि पाहता पाहता हातातली पिशवी गेली. कोणी ती हिसकावून घेतली नाही. आपणच ती खुंटीला टांगली आणि पुन्हा काढली नाही. याचा अर्थ एवढाच की काटकसर आपल्या परिस्थितीत होती, आपल्या विचारात उतरली नव्हती. म्हणून “आमचे दुकान आधीपासूनच असे होते” म्हणून हसणारा माणूस जेव्हा दोन्ही हातांत चार-चार पुडे घेऊन घरी जातो, तेव्हा त्याच्या हसण्याला फारसा अर्थ उरत नाही.

अर्थात पिशवी सर्वांच्याच हातून गेली असे नाही. रास्त भावाच्या दुकानासमोरची रांग पाहा. रेशनचे धान्य गोणीतून येते आणि ज्याच्या-त्याच्या पिशवीत जाते. सरकारी धान्य तागाच्या गोणीत भरावे यासाठी १९८७ चा कायदा आहे. तेव्हा या देशातले सर्वांत मोठे ‘झीरो वेस्ट’ दुकान कोणते असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर रेशनचे दुकान असे द्यावे लागेल. पण त्याला तसे कोणी म्हणत नाही. मुंबई-पुण्यात जी कापडी पिशवी सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरते, तीच पिशवी रेशनच्या रांगेत गरिबीचे लक्षण ठरते. वर्गातल्या काही मुलांना रेशन आणायला पाठवले की ती आडवाटेने जातात, मित्रांनी पिशवी पाहू नये म्हणून. मुलांना ही लाज कोणी शिकवली? पाठ्यपुस्तकात तर असा धडा नाही. ती आपल्या बोलण्यातून, पाहुण्यांसमोर काय मांडायचे आणि काय लपवायचे यातून शिकवली गेली. एकच कृती श्रीमंताने केली तर विचार आणि गरिबाने केली तर दैन्य, असा हिशेब आपण करत असू, तर आपल्या तराजूतच खोट आहे.

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. तो शब्द ‘जर्फ’. जर्फ म्हणजे भांडे, पात्र. पण उर्दूत माणसाच्या मनाच्या मोठेपणालाही जर्फ म्हणतात. जो थोडक्या यशाने उतू जातो तो कमजर्फ, आणि जो पुष्कळ सोसून, पुष्कळ मिळवूनही काठाच्या आत राहतो तो आलाजर्फ. भाषेने भांडे आणि माणूस यांना एकाच शब्दात बसवले, ते उगीच नव्हे. भांड्याला काठ असतो. किती मावते हे त्याला ठाऊक असते.

स्वतःचे भांडे घेऊन दुकानात जाण्याचा खरा अर्थ आम्हाला इथे दिसतो. घरून डबा नेताना आपल्याला किती हवे आहे याचा विचार घरीच करावा लागतो. पुड्याच्या बाबतीत तो विचार कंपनी करते. किती ग्रॅमचा पुडा काढायचा, दोनावर एक फुकट कधी द्यायचा, मोठा पुडा स्वस्त किती दाखवायचा, हे तिथे ठरते. आपण फक्त हात पुढे करतो. सूरह यूसुफमध्ये दुष्काळाची हकिकत आहे. युसूफ अलैहिस्सलाम यांचे भाऊ धान्यासाठी मिसर देशात येतात, ते आपापली खोगिरे आणि गोण्या घेऊन. आणि धान्य मिळते ते माणशी एक उंटाचा बोजा, या मापाने. तिथे भांडेही आपले आहे आणि मर्यादाही आहे. कुरआनात खाण्यापिण्याला मनाई नाही, हद्द ओलांडण्याला मनाई आहे. ज्याला आपण इसराफ म्हणतो तो बहुतेक वेळा हराम वस्तूंचा नसतो. हलाल वस्तू हद्दीपलीकडे नेण्याचा असतो. मशिदीत वुजू करताना नळ किती सोडावा यावर आपण मुलांना टोकतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच मशिदीत रमजानच्या इफ्तारीनंतर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा आणि पातळ पेल्यांचा ढीग पडतो, त्याला इसराफ म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर, जुने दुकान फार गोड करून सांगता आहात. हा आक्षेप रास्त आहे. उघड्या गोणीत खडे असत, उंदीर फिरत, दांडी मारणारा वाणीही असे. मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनात एक संपूर्ण सूरह त्यांच्याच नावाने आहे, याचा अर्थ हे दुखणे जुने आहे. रसूलल्लाह (स.) यांची बाजारातली हकिकत प्रसिद्ध आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर वर कोरडे आणि आत भिजलेले धान्य लागले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. ही गोष्ट सुट्या मालाच्या विरोधात वापरता येईल आणि बाजूनेही. ढीग उघडा होता म्हणून फसवणूक झाली, हे खरे. पण ढीग उघडा होता म्हणूनच हात आत घालता आला, हेही खरे. बंद पुड्यात हात घालता येत नाही. त्यावर छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवावा लागतो.

आणि काही वेळा तो विश्वास ठेवणेच शहाणपणाचे असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. अंगावर सूज येऊन साठाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सुट्या तेलावर निर्बंध आले, आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीला देशभर मनाई केली. गरज भासल्यास सूट देण्याची मुभा राज्यांना ठेवली. ज्या घरातले माणूस भेसळीने गेले, त्या घराला आपण सुट्या तेलाचे गुणगान ऐकवू शकत नाही. पुडा हा निव्वळ कंपनीच्या हावेतून आलेला नाही. वजन, किंमत, तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता यांची ती लेखी हमी आहे. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याकडून माल घेताना अशी हमी लागते.

तेव्हा जुने ते सगळे चांगले, असा नियम करता येणार नाही. आमच्या मते विचार असा करावा. माल जितका लांबून येतो आणि विकणारा जितका अनोळखी, तितकी आवरणाची गरज अधिक. औषध, तान्ह्या बाळाची दूध पावडर, तेल यांना बंद डबा हवाच. पण शेजारच्या वाडीतल्या शेतातला तांदूळ, गावातच वाळलेले कोकम, साखरी नाट्याच्या बंदरात उतरलेल्या मासळीचे सुकट आणि सोडे, यांना चकचकीत पाकीट कशासाठी? विकणाऱ्याचे घर आपल्याला ठाऊक आहे. माल वाईट निघाला तर संध्याकाळी त्याच्या दारात उभे राहता येते. जिथे माणसाची ओळख हमी देते, तिथे प्लॅस्टिकची हमी विकत घेणे म्हणजे आपल्याच शेजाऱ्यावर अविश्वास दाखवणे आहे. कोकणच्या गावात दुकानदार एका धर्माचा आणि गिऱ्हाईक दुसऱ्या धर्माचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. वही-उधारीवर, तोंडी शब्दावर चालत आले आहे. एकमेकांचे घर ओळखण्याची ही पुंजी किती मोलाची आहे, हे आजच्या दिवसांत वेगळे सांगायला नको. ती ओळख दुकानाच्या फळीवर रोज नवी होत असते. पुडा उचलून, त्यावरचा आकडा पाहून, न बोलता पैसे टाकून निघून गेले की ती होत नाही.

दुसरा आक्षेप गरिबांच्या बाजूने घेतला जातो. तोही तोलून पाहावा लागेल. १९८० च्या दशकात तामिळनाडूतून शांपूच्या छोट्या पुड्यांचा व्यापार देशभर पसरला. मोठी बाटली ज्याला परवडत नव्हती, त्याला काही पैशांत एक पुडी मिळू लागली. मजुरी करणाऱ्या बाईलाही शांपू मिळाला, याला तुच्छ लेखण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. पण एक गोष्ट विसरू नये. थोडके विकत घेण्याची सोय गरिबाला कंपनीने पहिल्यांदा दिली, असे नाही. जुन्या दुकानात छटाकभर तेल, चिपटेभर डाळ मिळतच होती. गरिबाच्या ऐपतीचे माप तेव्हाही होते, फक्त त्याला वेष्टन नव्हते. पुडीने ते माप कायम ठेवले आणि त्यामागे एक असे वेष्टन ठेवून दिले, जे भंगारवालाही घेत नाही. प्लॅस्टिकचे आणि चांदीसारख्या वर्खाचे थर एकत्र चिकटवलेले असल्यामुळे ते पुन्हा वापरात आणणे फार अवघड असते. विक्री कंपनीची झाली, सोय गरिबाची झाली आणि पुडी खाडीच्या वाट्याला आली.

कायद्याने या वाटणीत फारसा न्याय केलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीचा आदेश काढला आणि जूनपासून अंमलबजावणी सुरू केली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. गावच्या छोट्या दुकानदाराच्या काळजाचा ठोका चुकला. पण कारखान्यातून भरून येणारे पुडे बंदीबाहेर राहिले. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या १९ प्रकारच्या वस्तू बंद केल्या. त्यात स्ट्रॉ, काटे-चमचे, कानकोरणीच्या काड्या आल्या, शांपूची पुडी आली नाही. उत्पादकाने आपल्या आवरणाची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व २०१६ च्या नियमांत आले आणि २०२२ मध्ये ते अधिक तपशिलाने मांडले गेले. ते तत्त्व योग्य आहे, पण गावात येणारा पुडा परत नेणारा माणूस अजून गावात दिसत नाही. जगाच्या पातळीवरही चित्र निराळे नाही. प्लॅस्टिकबाबत एक जागतिक करार करावा असे २०२२ साली नैरोबीत ठरले, पण ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात भरलेली बैठकही कराराशिवाय संपली. थोडक्यात, ज्याच्या हाती सत्ता आणि कारखाना आहे तो निर्णय पुढे ढकलतो, आणि ज्याच्या हाती फक्त एक पिशवी आहे त्याला दंड होतो.

असे असताना सामान्य माणसाने आपल्या पिशवीची काळजी का करावी? हा खरा कठीण प्रश्न आहे. उत्तर शोधताना आम्हाला आमच्याच गावाकडे पाहावेसे वाटते.

नाटे हे समुद्राचे गाव. एका बाजूला यशवंतगड, पुढे आंबोळगड, खाडीपलीकडे जैतापूर आणि माडबन. साखरी नाट्याची मच्छीमार वस्ती बहुतांशी आपल्या समाजाची. जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटच्या अणुऊर्जा प्रकल्पाला या वस्तीने कडाडून विरोध केला. १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तबरेज सायेकर हा मच्छीमार मारला गेला. त्या काळात इथल्या माणसांनी सरकारला जे प्रश्न विचारले ते साधे होते. तुमचे गरम पाणी आमच्या समुद्रात सोडाल, तर मासळीचे काय होईल? तुमचा किरणोत्सारी कचरा हजारो वर्षे टिकतो, तो कुठे ठेवणार आणि त्याची राखण कोण करणार? वीज वापरणारा एकीकडे आणि धोका सोसणारा दुसरीकडे, हा कुठला न्याय?

या प्रश्नांचा आम्हाला आदर वाटतो. त्यासाठी एका माणसाचा जीव गेला आहे, म्हणून त्यांची तुलना हलक्या हाताने करू नये. अणुभट्टीचा कचरा आणि बिस्किटाचा पुडा एका तराजूत घालता येणार नाहीत. पण प्रश्नाचा सांगाडा तोच आहे. वापरणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे चुकीचे असेल, तर ते सर्वत्र चुकीचे आहे. आज जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या आणि बाटल्या येतात, याची तक्रार आपले मच्छीमार करतात. त्यातल्या काही लांबून वाहत आल्या असतील, पण काही आपल्याच पऱ्ह्यातून पावसाळ्यात खाडीत गेलेल्या आहेत. तुटलेले नायलॉनचे जाळे आणि थर्माकोलचे फुटके खोके समुद्रात जाते, तेही आपल्याच हातून. सूरह रूममध्ये जमीन आणि समुद्र या दोहोंत पसरलेल्या बिघाडाचा उल्लेख आहे, आणि त्याचे कारण माणसांच्या हातांची कमाई असे सांगितले आहे. तिथे अमुक माणसांचे हात असा भेद केलेला नाही. दुसऱ्याला कचऱ्याबद्दल प्रश्न विचारण्याचा आपला हक्क मोठा आहे. तो हक्क शाबूत राहावा एवढ्यासाठी तरी आपल्या हातांचा हिशेब आपल्याजवळ असला पाहिजे. कंपनी चुकते म्हणून आपली चूक माफ होत नाही, आणि आपण पिशवी वापरली म्हणून कंपनी सुटत नाही. फिक्हमधले तत्त्व सरळ आहे: स्वतःहून नुकसान करू नये आणि नुकसानाच्या बदल्यात नुकसानही करू नये.

फिक्हच्या ग्रंथांत खरेदी-विक्रीचा बारीकसारीक विचार आहे. मालाचे माप करण्याचा खर्च विकणाऱ्याने सोसायचा, अशी चर्चाही त्यांत सापडते. प्लॅस्टिकचा पुडा त्या ग्रंथकारांच्या काळात नव्हता. आज ते असते, तर वेष्टन कोणाचे, असे त्यांनी नक्कीच विचारले असते. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे तीन हिस्से पडतात. असे वेष्टन बनवणाऱ्याचा हिस्सा मोठा, कारण दुसरे काही वापरण्याची ताकद त्याच्याकडे आहे. विकणाऱ्याचा मधला. आणि आपला लहान, पण शून्य नव्हे. वस्तू घेतली की तिचे वेष्टनही आपल्या ताब्यात येते. ताब्यात आलेली वस्तू अमानत असते, मग ती नकोशी का असेना.

‘लिफाफा’ हा शब्द आपण पाकिटासाठी वापरतो. कफनात मय्यतीला गुंडाळणाऱ्या चादरीलाही लिफाफाच म्हणतात. माणसाला शेवटी जे वेष्टन मिळते ते साध्या सुती कापडाचे असते आणि मातीत मिळून जाते. आपल्या मागे आपल्या देहाचेही आवरण उरू नये, अशी आपली रीत आहे. आणि आपण एका सकाळी वापरलेली शांपूची पुडी मात्र आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकेल. यात काहीतरी उलटे झाले आहे, एवढे समजायला आलिम असण्याची गरज नाही.

मग करायचे काय? नाट्यात बर्लिनसारखे दुकान काढण्याची गरज नाही. आहे त्या दुकानदाराला डबा पुढे करून “धडा करून घ्या” म्हणण्याची गरज आहे. चार गिऱ्हाइके असे म्हणू लागली, तर तो गोणीचे तोंड आपोआप उघडे ठेवील. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, छापील धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला आणि सुट्या धान्याला तो लागला नाही, म्हणजे यात खिशाचाही फायदा आहे. अनेक जमातींकडे लग्नकार्यासाठी डेगा, ताटे, पेले असत. कार्य झाले की धुऊन परत जात. ती भांडी आज कुठे आहेत याची चौकशी जमातीच्या बैठकीत व्हावी. ज्या दावतीत पाचशे माणसे जेवतात, तिथे पाचशे पत्रावळ्या प्लॅस्टिकच्या असणे हा आपल्या पाहुणचाराचा भाग नव्हे.

मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. कचरा न करणारे घर हे कष्टाचे घर असते. बाटली धुणे, उलटी टाकून वाळवणे, पिशव्या शिवणे, डाळ निवडणे, डबे घासणे, ताटे मोजून ठेवणे, हे सगळे पूर्वी कोणी केले? बायकांनी केले. दुकानात पळत गेली ती मुले. पुडा आला तेव्हा सर्वांत आधी सुटका झाली ती बाईच्या हातांची. म्हणून तिला पुडा आवडला तर तिला दोष देता येत नाही. आता आपण पुरुष मंडळी लेख लिहून, बयान करून, “पुन्हा डबे वापरा” असा उपदेश करणार आणि डबे धुणार तीच, तर हा सद्गुण तिच्या पाठीवर लादलेला सद्गुण होईल. मजबुरी परत येईल, फक्त नाव बदलून. रसूलल्लाह (स.) घरात असताना घरकामात हातभार लावत आणि आपली पादत्राणे स्वतः सांधत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदिसांत आहे. सुन्नतचा हा भाग आपल्याकडे फारसा कोणी मिरवत नाही.

पिशवीच्या प्रश्नाची सुरुवात म्हणूनच आम्हाला इथून करावीशी वाटते. शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून घरी परतताना बाजार रस्त्यातच लागतो. आपल्यापैकी प्रत्येक पुरुषाने त्या दिवशी खिशात एक कापडी पिशवी घडी घालून न्यावी, स्वतः सामान भरून आणावे, घरी आल्यावर डब्यात स्वतः रिकामे करावे आणि तेलाची बाटली स्वतः धुवावी. ओझे किती, कष्ट किती, हे मग अंगाने कळेल. आणि रेशनच्या रांगेतून पिशवी घेऊन येणारे एखादे मूल वाटेत भेटले, तर त्याला आपल्याही हातात पिशवी दिसेल.